हायब्रीडची सरकी बदलते, घरची तूर टिकते: असं का?

प्रश्न अंबड तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. गेल्या हंगामात त्यांच्या हायब्रीड कपाशीला बोंडं भरघोस लागली, म्हणून चांगल्या बोंडांतली सरकी त्यांनी पेरायला बाजूला काढून ठेवली. कृषी केंद्रवाला म्हणाला, "हायब्रीडचं बी वांझ असतं, उगवणारच नाही." वडील म्हणाले, "मग आपली बीडीएन-७११ तूर दरसाल घरच्या बियाण्यावर कशी येते?" आणि दहावीतली पुतणी म्हणाली, "काका, ते अर्धगुणसूत्री विभाजनामुळे होतं." नेमकं कसं, ते मात्र तिला सांगता येईना. आता यात कोणाचं खरं, असं त्यांनी विचारलंय.

पुतणीचं खरं आहे. वडिलांनी बरोबर जागी बोट ठेवलंय आणि कृषी केंद्रवाल्याचं साफ चुकलंय. तुमची सरकी उगवेल, चांगली उगवेल. वांझ बियाण्याचं जे तंत्र लोकांच्या डोक्यात बसलंय, त्याचं पेटंट १९९८ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं होतं. पण तसं बियाणं जगात कुठेच बाजारात आलं नाही. खरी अडचण उगवणीनंतर दिसते. पऱ्हाटी गुडघ्याएवढी झाली की एक झाड उंच, एक बुटकं, एकाला लवकर पाते (कळ्या) तर दुसऱ्याला दसऱ्यानंतर, असं रान दिसायला लागतं. हे कशामुळे होतं ते समजून घ्यायचं तर फुलाच्या कळीत, परागकोशाच्या आत काय चालतं ते बघावं लागेल. माझं सगळं आयुष्य जालना-परभणी भागात बियाण्याच्या कामात गेलं, म्हणून उदाहरणं आपल्याच रानातली देतो.

सुरुवात मोजणीपासून करू. आपण लावतो त्या अमेरिकन कपाशीच्या प्रत्येक पेशीत ५२ गुणसूत्रं, म्हणजे वारशाचे गुण वाहणारे डीएनएचे धागे असतात, त्यांच्या २६ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक मायकडून आलेलं, एक बापाकडून. पान वाढताना, मूळ वाढताना, खोड जाड होताना पेशी साध्या पद्धतीने विभागते: ५२ च्या दोन प्रती होतात आणि दोन्ही नव्या पेशींना ५२-५२ मिळतात. त्यात कोणतीही अदलाबदल नाही, म्हणून झाडाच्या शेंड्यापासून मुळापर्यंत सगळ्या पेशी सारख्याच. आता हेच ५२ पराग आणि अंडपेशीतही गेले असते तर फलनानंतर बीमध्ये १०४ झाले असते, पुढच्या पिढीत २०८, आणि चार-पाच पिढ्यांत खेळ खलास. म्हणून लिंगपेशी बनवताना आकडा निम्मा व्हायलाच हवा. १८८३ मध्ये बेल्जियमचे शास्त्रज्ञ व्हान बेनेडेन यांनी घोड्याच्या आतड्यातल्या जंतात पाहिलं, की अंड्याकडून आणि शुक्राणूकडून सारखीच गुणसूत्रं येतात. निम्मं होणारं एक वेगळं विभाजन (पुतणी म्हणते ते अर्धगुणसूत्री विभाजन हेच) असलंच पाहिजे, हे जर्मन शास्त्रज्ञ वाइसमान यांनी १८८७ मध्ये आधी तर्काने मांडलं. गुणसूत्रं मोजता येतील इतकी सूक्ष्मदर्शकाची कला तेव्हा नुकती कुठे हाताशी येत होती.

निम्मं करणं हे या विभाजनाचं एक काम. पुस्तकात तेच ठळक छापलेलं असतं, म्हणून विद्यार्थी तेवढ्यावर थांबतात. बियाण्याच्या धंद्यात आमचं सगळं पोटपाणी मात्र त्याच्या दुसऱ्या कामावर चालतं, ते म्हणजे मिसळण्यावर. माय-बापाकडून आलेला वारसा जसाच्या तसा पुढे जात नाही, नव्याने घुसळून जातो. हायब्रीड, घरचं बी चालणारं सरळ वाण, कलम, बिनबियांचं कलिंगड, शेतीतल्या या सगळ्या युक्त्या म्हणजे या मिसळण्याशी केलेले वेगवेगळे सौदे आहेत.

परागकोशात परागमातृपेशी, म्हणजे पराग ज्यांच्यापासून बनतात त्या पेशी असतात. त्यातली एक घेऊ. विभाजनाच्या आधी ती आपल्या ५२ ही गुणसूत्रांची प्रत काढते, पण दोन्ही प्रती गुणसूत्रबिंदूपाशी जोडलेल्या राहतात. म्हणजे मोजायला गुणसूत्रं ५२ च, पण डीएनए दुप्पट. इथून पुढे ती लागोपाठ दोनदा विभागते. पहिल्या विभाजनाची सुरुवात, म्हणजे पहिली पूर्वावस्था, लांबलचक असते आणि खरी गंमत तिच्यातच आहे. मायकडून आलेलं पहिल्या क्रमांकाचं गुणसूत्र बापाकडून आलेलं पहिल्या क्रमांकाचं गुणसूत्र शोधून काढतं आणि दोघं टोकापासून टोकापर्यंत एकमेकांना लागून बसतात. साध्या विभाजनात ही भेट कधीच होत नाही. मग पेशी एक धाडसी गोष्ट करते: स्वतःच्या डीएनएचे स्वतःच ठिकठिकाणी तुकडे पाडते. त्यासाठी तिच्याकडे खास प्रथिन असतं. हे तुटलेले धागे सांधताना शेजारी चिकटून बसलेल्या जोडीदाराचा आधार घेतला जातो, आणि काही ठिकाणी मायकडचा धागा बापाकडच्या धाग्याला जोडला जातो. यालाच जनुकीय विचरण म्हणतात. आता ते गुणसूत्र निव्वळ मायचंही राहिलं नाही, निव्वळ बापाचंही नाही; वरचा भाग एकाकडचा, खालचा दुसऱ्याकडचा. असं खरोखर घडतं हे १९३१ मध्ये हॅरिएट क्रायटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात दाखवलं. ज्या गुणसूत्राच्या टोकाला गाठ होती आणि दुसऱ्या अंगाला एक जास्तीचा तुकडा होता, त्याच्या खुणांवरून त्यांनी तुकड्यांची अदलाबदल डोळ्यांनी पाहिली. मॅक्लिंटॉक बाईंना पुढे १९८३ मध्ये नोबेल मिळालं, ते मात्र मक्यातल्याच जागा बदलणाऱ्या जनुकांच्या कामासाठी.

विचरणाचं आणखी एक काम आहे आणि ते पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं. जिथे धागे एकमेकांत गुंतले तिथेच जोडी एकत्र धरून ठेवली जाते. जोडीत असा एकही गुंता झाला नाही, तर ते दोघं आधीच सुटे होतात आणि वाटणीच्या वेळी भलतीकडे जातात. म्हणून प्रत्येक जोडीत निदान एक तरी विचरण व्हावं लागतं. मिसळण आणि बिनचूक वाटणी या दोन्हींची दोरी एकच आहे.

मग पहिली मध्यावस्था येते. २६ जोड्या पेशीच्या मध्यावर उभ्या राहतात. पोळ्याला वेशीत बैलजोड्या उभ्या करतात, तसं चित्र डोळ्यासमोर आणा. प्रत्येक जोडीत एक बैल आजोळकडचा, एक घरचा. पण आजोळचा डाव्या अंगाला की उजव्या, हे प्रत्येक जोडीत आपापलं ठरतं. पुढची जोडी मागच्या जोडीला विचारत नाही. मग डावे सगळे एकीकडे जातात आणि उजवे सगळे दुसरीकडे. दोन जोड्या असतील तर चार प्रकारच्या वाटण्या, तीन असतील तर आठ, आणि कपाशीच्या २६ जोड्यांच्या ६,७१,०८,८६४. ज्वारीला १० जोड्या, तिच्या १,०२४. माणसाच्या २३ जोड्यांच्या ८३,८८,६०८. हे सगळे आकडे विचरण न धरता. ते धरलं तर मोजदाद सोडून द्यायची.

इथे पुतणीसाठी एक गोष्ट, कारण परीक्षेत हमखास इथेच गफलत होते. आकडा निम्मा होतो तो पहिल्या विभाजनात. पहिल्या पश्चावस्थेत गुणसूत्रबिंदू फुटत नाही, जोडीतले दोघं वेगळे होतात. म्हणून ५२ चे २६-२६ होतात, पण प्रत्येक गुणसूत्र अजून दोन प्रतींचं असतं. दुसऱ्या विभाजनात त्या प्रती सुट्या होतात. तेव्हा २६ चे २६ च राहतात, फक्त डीएनए निम्मा होतो. शेवटी एका परागमातृपेशीतून चार पेशी आणि पुढे चार परागकण. मधल्या अवस्थांची नावं पाठ करायला हरकत नाही, पण ५२ चे काय झाले आणि १०४ प्रतींचे काय झाले हे दोन हिशेब वेगवेगळे ठेवले की सगळं आपोआप बसतं.

मादीकडे गोष्ट जरा निष्ठूर आहे. बीजांडातही एका पेशीपासून चार होतात, पण त्यातल्या तीन मरतात. उरलेल्या एकीपासून भ्रूणकोश आणि त्यात एक अंडपेशी. कपाशीच्या एका बोंडात पंचवीस-तीस सरक्या असल्या, तर प्रत्येक सरकीमागे एक स्वतंत्र बीजांड, त्यातलं स्वतंत्र विभाजन आणि बाहेरून आलेला एक स्वतंत्र परागकण असतो. एकाच बोंडातल्या दोन सरक्या म्हणजे सख्खी भावंडं; आणि सख्खी भावंडं एकमेकांसारखी किती असतात ते आपल्याला घरीच दिसतं.

आता तुमच्या सरकीकडे येतो.

हायब्रीड करताना आम्ही दोन वाण घेतो, समजा अ आणि ब. दोन्ही वर्षानुवर्षं स्वतःच्याच परागावर वाढवून शुद्ध केलेले. शुद्ध म्हणजे काय, तर त्यांच्या जोड्यांतले दोन्ही गुणसूत्र जवळपास सारखे. अ च्या परागमातृपेशीतही सगळी मिसळण होतेच, जोड्या बसतात, तुकडे बदलतात, डावे-उजवे होतात. पण सारख्यात सारखं मिसळलं तर निघणारे सगळे पराग सारखेच. ब चंही तसंच. म्हणून अ आणि ब च्या संकरातून येणारी पहिली पिढी, जिला आम्ही एफ-वन म्हणतो, ती पिशवीतल्या पहिल्या दाण्यापासून शेवटच्या दाण्यापर्यंत एकसारखी. त्यात संकराचा जोम, म्हणजे दोन्ही पालकांपेक्षा जास्त वाढायची ताकदही असते. याच जोरावर सी. टी. पटेल यांनी सुरतेला केलेली एच-४ ही व्यापारी लागवडीसाठी आलेली जगातली पहिली संकरित कपाशी ठरली, साल १९७०. आणि आपल्या नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राची एनएचएच-४४ मराठवाड्यात किती चालली, ते तुमच्या वडिलांना विचारा.

सीड प्लॉटमध्ये बायका संध्याकाळी मादी ओळीच्या कळ्या सोलून पुंकेसर काढतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीचा पराग एकेका फुलाला लावतात. ही सगळी मजुरी या एका एकसारखेपणासाठी. हायब्रीडची पिशवी महाग का, याचं निम्मं उत्तर तिथे आहे. बाकी निम्म्याबद्दल मी इथे बोलत नाही.

एफ-वनचं झाड मात्र आतून अगदी वेगळं. त्याच्या प्रत्येक जोडीत एक अ चं आणि एक ब चं गुणसूत्र आहे. ते जेव्हा स्वतःचे पराग बनवायला लागतं, तेव्हा मिसळायला खरोखर वेगळा माल असतो. तुमच्या रानातल्या बोंडात जी सरकी तयार झाली ती एफ-वनची नाही, एफ-टूची, म्हणजे दुसऱ्या पिढीची आहे. एक हिशेब करून बघू. अ आणि ब मध्ये फक्त दहा जनुकांचा फरक आहे आणि ती दहाही वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत, असं धरा. एफ-वनचं झाड १,०२४ प्रकारचे पराग आणि तितक्याच प्रकारच्या अंडपेशी बनवेल. एफ-टूचं एखादं झाड त्या दहाही जागी हुबेहूब एफ-वनसारखं निघण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक. चार बाय दीड फुटांवर लागवड केली तर एकरी ७,२६० झाडं बसतात. त्यातली सातेक झाडं गेल्या वर्षीसारखी. आणि कपाशीच्या उताऱ्यामागे दहाच जनुकं असती तर आम्हा पैदासकारांचं काम फारच सोपं झालं असतं.

सरासरीच्या भाषेत सांगायचं तर संकराचा जो जोम पहिल्या पिढीत मिळाला, तो दुसऱ्या पिढीत साधारण निम्म्यावर येतो. उत्पन्न कमी होतंच, पण वेचणीला त्याहून जास्त त्रास होतो. झाडं मागेपुढे फुटतात, धाग्याची लांबी एकसारखी राहत नाही, आणि मोंढ्यात भाव पाडून मागितला जातो.

बीटीच्या, म्हणजे बोंडअळी मारणाऱ्या जनुकाच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. बहुतेक हायब्रीडमध्ये बीटीचं जनुक एकाच पालकाकडून आलेलं असतं, म्हणजे जोडीतल्या दोनपैकी एकाच गुणसूत्रावर. विभाजनात ते निम्म्या परागांत जातं, निम्म्या अंडपेशींत जातं. म्हणजे एफ-टूच्या चार सरक्यांपैकी एकीत ते नसतं. दोन जनुकांच्या वाणात दोन्ही स्वतंत्रपणे वाटली गेली, तर सोळांतली एक सरकी दोन्हींना मुकते आणि आणखी सहांमध्ये एकच असतं. पण ही वाटणी सरकी पेरल्यानंतर होते असं समजू नका. ती याच वर्षीच्या हिरव्या बोंडात झालेली असते! बोंडाचं कवच मायझाडाचं, सरकीवरचा कापूसही मायझाडाचाच, कारण तो बीजांडाच्या बाहेरच्या आवरणातून येतो. म्हणून एफ-वनच्या रानातला कापूस एकसारखा निघतो. सरकीच्या आतला कोंब मात्र पुढच्या पिढीचा. आणि शेंदरी बोंडअळी आत शिरून सरकीच खाते. एकाच बोंडात काही सरक्या बीटीच्या, काही कमी बीटीच्या, काही बिगरबीटीच्या, असं ताट अळीसमोर असलं तर मधल्या अर्धवट डोसावर तगलेल्या अळ्या पुढे जातात. २०१७ मध्ये बोंडअळीने आपल्याकडे जो हाहाकार केला त्याला उशिरापर्यंत ठेवलेली फरदड (वेचणीनंतर पुन्हा पाणी देऊन वाढवलेली कपाशी), आश्रय ओळी (सोबत लावायच्या बिगरबीटी ओळी) न लावणं अशी बरीच कारणं होती. माझ्या मते त्यात या बोंडातल्या वाटणीचाही हात आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. लवकर वेचून रान मोकळं करणाऱ्या सरळ वाणांचा बीटी आपल्याकडे आधीपासून असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

वडिलांच्या तुरीचं उत्तर आता निम्मं आलंच आहे. बीडीएन-७११ हे बदनापूरच्या संशोधन केंद्राचं सरळ वाण. संकरानंतर पिढ्यान् पिढ्या स्वपरागावर नेलं की जोड्यांतला फरक दर पिढीला निम्मा होतो: दुसऱ्या पिढीत ५० टक्के, मग २५, मग साडेबारा, आणि आठव्या पिढीत एका टक्क्याच्याही आत. तिथे पोहोचलं की मिसळण चालू राहते, पण तिला मिसळायला काही उरत नाही. म्हणून लेकरं मायसारखीच येतात. सोयाबीनमध्ये हे सगळ्यात चांगलं जमतं, कारण तिचं फूल बहुधा उमलायच्या आधीच स्वतःच्या परागाने फळतं. एमएयूएस-७१ किंवा एमएयूएस-१६२ ची घरची बी वर्षानुवर्षं चालते ती यामुळे. सोयाबीनमध्ये बिघडते ती उगवण. मळणी यंत्राच्या फेऱ्यांनी टरफल फुटतं म्हणून. वाण बिघडत नाही.

तुरीत मात्र मधमाशा येतात. शेजारच्या रानात दुसरी तूर असेल तर तिचा पराग तुमच्या फुलावर येतो आणि काही शेंगांत संकर होतो. तो त्या वर्षी दिसत नाही, पुढच्या वर्षी दिसतो. वडिलांची तूर हळूहळू सरमिसळ होत असणार. नीट पाहिलं तर फुलांच्या रंगात, शेंगांवरच्या रेषांत फरक सापडेल.

मोसंबीच्या बागेत या मिसळण्याला वळसाच घातलेला असतो. मोसंबीचा डोळा दुसऱ्या झाडाच्या खुंटावर भरला (कलम केलं) की झाड साध्या विभाजनाने वाढतं, पराग-अंडपेशीचा प्रश्नच येत नाही, म्हणून जालन्याच्या हजारो झाडांवर तीच मोसंबी लागते. त्याहून नवलाची गोष्ट खालच्या खुंटाची आहे. रंगपूर लिंबाचं बी पेरून खुंट तयार करतात. बी पेरलं म्हणजे सगळी रोपं वेगवेगळी यायला हवीत ना? पण ती बहुतेक सारखी येतात. या लिंबाच्या बीमध्ये एकाहून जास्त कोंब असतात, आणि त्यातले बरेच बीजांडाच्या आतल्या मायपेशींपासून थेट वाढलेले असतात; त्यांनी हे विभाजन पाहिलेलंच नसतं. रोपवाटिकेतले जुने माळी वेगळ्या तोंडवळ्याचं, किडकिडीत रोप उपटून टाकतात. ते बहुधा खऱ्या फलनातून आलेलं असतं. केशर आंब्याचं असं नाही. त्याच्या कोयीत एकच कोंब आणि तो फलनातूनच आलेला, म्हणून केशरची कोय लावून केशर येत नाही. कलमच करावं लागतं.

मिसळण जिथे पूर्ण अडते अशी उदाहरणंही आपल्या भागात आहेत. अर्धापूरची केळी घ्या. ग्रँड नैन या वाणाला गुणसूत्रांचे दोन नव्हे, तीन संच असतात, एकूण ३३. जोडी लावायची वेळ आली की प्रत्येक क्रमांकाचे तिघं हजर. कुठे तिघं एकत्र अडकतात, कुठे दोघं जुळतात आणि एक एकटा राहतो, आणि वाटणी अशी वेडीवाकडी होते की नीट अंडपेशी किंवा पराग बनतच नाही. म्हणून केळ्यात बी नाही, म्हणून कंद लावायचा नाही तर टिश्यू कल्चरचं रोप. बिनबियांचं कलिंगड मुद्दाम याच युक्तीने करतात. तिथेही योगायोगाने ३३ च. खेचराचंही असंच. घोड्याची ६४ गुणसूत्रं, गाढवाची ६२, खेचराला ६३. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत जनावरांचा बाजार बघितला असेल, तर तिथला कुठलाही जाणता व्यापारी सांगेल की खेचर कितीही दणकट असलं तरी त्याला पिल्लं होत नाहीत. याउलट देवणी गाईला होल्स्टीनचं वीर्य भरलं तर होणारी कालवड बिनदिक्कत गाभण राहते. दोघांचीही ६० गुणसूत्रं आणि ती एकमेकांना ओळखतात. फक्त त्या कालवडीची पुढची वासरं एकसारखी निघतील अशी अपेक्षा ठेवू नका, तिथे तुमच्या सरकीचाच न्याय.

कपाशीत आमच्या पैदासकारांना हा अडथळा फार नडतो. देशी कपाशी, समजा परभणी तुराब, दुष्काळ आणि रसशोषक किडी सोसते. पण तिची गुणसूत्रं २६. अमेरिकन कपाशीची ५२, कारण फार जुन्या काळी दोन वेगवेगळ्या जातींचे संच तिच्यात एकत्र आले आणि त्यातला एक आपल्या देशी कपाशीच्या संचाचा नातेवाईक आहे. दोघींचा संकर केला तर झाड येतं ३९ गुणसूत्रांचं. परागमातृपेशीत बहुधा १३ जोड्या जुळतात आणि १३ एकटी भटकत राहतात. झाड हिरवंगार, फुलं सुंदर, बोंड शून्य. अशा झाडाचा पराग कारमाइन या लाल रंगात टाकून बघितला तर बहुतेक कण सुरकुतलेले आणि बिनरंगाचे. सशक्त कण लाल गुबगुबीत दिसतात. यावर उपाय म्हणजे रोपाच्या शेंड्याला कोल्चिसिन हे रसायन लावून संच दुप्पट करायचे, ३९ चे ७८. आता प्रत्येकाला जोडीदार मिळतो आणि झाड फळायला लागतं. मग अमेरिकन कपाशीशी पुन्हा पुन्हा संकर करून हवे तेवढे गुण उचलायचे. सांगायला चार वाक्यं, करायला एखाद्याची अर्धी नोकरी जाते.

हे सगळं घडतं कधी, हे शेतकऱ्याला माहीत असलेलं बरं, कारण त्या वेळच्या हवेचा फटका दिसतो पुष्कळ दिवसांनी. फूल उमलतं तेव्हा विभाजन कधीच आटोपलेलं असतं. कपाशीत ते फुलाच्या दोन-तीन आठवडे आधी, पाते लहान असतानाच होतं. रब्बी ज्वारीत ते पीक पोटरीत येण्याच्या सुमारास होतं, कणीस अजून पानाच्या आवरणात असताना. त्या दिवसांत रात्रीचा पारा फार खाली गेला तर पराग नासतात आणि कणसात दाणे विरळ भरतात. शेतकरी मग फुलोऱ्यातल्या हवेला दोष देतो. नुकसान त्याच्या आधीच झालेलं असतं. पाण्याचा ताणही याच काळात जास्त भोवतो. विहिरीत एकाच पाळीचं पाणी असेल तर मी ते पोटरीला देईन.

पुतणीला डोळ्यांनी बघायचं असेल तर शाळेच्या सूक्ष्मदर्शकावरही जमतं. कांद्याचा डेंगळा (फुलाचा दांडा) घ्यावा, कारण कांद्याच्या फक्त ८ जोड्या आणि गुणसूत्रं चांगली मोठी. गोंडा आवरणात असतानाच सकाळी कळ्या तोडायच्या. तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग तीव्र ॲसिटिक आम्ल यात एक दिवस ठेवायच्या, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये. आम्ल शिक्षकांनी हाताळावं. एका कळीतला एक परागकोश काचपट्टीवर ॲसिटोकारमाइनच्या थेंबात फोडायचा, वर आच्छादक काच, हलकी ऊब आणि अंगठ्याने सरळ दाब. काच सरकली की सगळं गेलं. परागकोशात नुसते गोल कण दिसले तर कळी मोठी घेतली असं समजायचं आणि लहान कळीकडे जायचं. एकाच गोंड्यात सगळ्या वयाच्या कळ्या असतात, त्यामुळे कुठे ना कुठे आठ जोड्या सापडतात.

माणसातही हिशेब हाच, ४६ चे २३. पुरुषात हे काम वयात आल्यापासून अखंड चालू असतं. स्त्रीमध्ये ते तिच्या जन्माच्याही आधी सुरू होतं: मायच्या पोटात असतानाच मुलीच्या अंडाशयातल्या पेशी पहिल्या पूर्वावस्थेत शिरतात, जोड्या लागतात, विचरण होतं आणि मग काम थांबतं. जन्माच्या वेळी अशा दहा-वीस लाख थांबलेल्या पेशी असतात. पुढे दर महिन्याला एखादी पुढे सरकते, आणि दुसरं विभाजन तर शुक्राणू आत आल्यावरच पुरं होतं. चाळिसाव्या वर्षी बाहेर पडणारी अंडपेशी चाळीस वर्षं तशीच जोड्या धरून थांबलेली असते. ती पकड सैल झाली की एका क्रमांकाची दोन्ही गुणसूत्रं एकाच बाजूला जातात. २१ व्या क्रमांकाचं असं झालं तर बाळाला ४७ गुणसूत्रं मिळतात आणि डाउन सिंड्रोम होतो. मायचं वय पंचवीस असताना हा धोका साधारण साडेबाराशेत एक, चाळिशीत शंभरात एक. मुलगा की मुलगी हे मात्र बापाकडच्या वाटणीत ठरतं. एक्स आणि वाय ही जोडी त्याच्याच पेशीत वेगळी होते. तरी सुनेला बोल लावणारी घरं आपल्याकडे आहेतच.

आता तुमच्या कोठीतल्या बियाण्याचं बोलू. हायब्रीडची सरकी तेलाला किंवा ढेपेला द्या, पेरू नका. प्रयोगाची हौस असेल तर दोन ओळी लावून बघा, झाडाझाडातला फरक पुतणीला दाखवायला बरा. भाजीपाल्याच्या हायब्रीड मिरची-टोमॅटोलाही हेच लागू. सोयाबीन, हरभरा, मूग यांचं सरळ वाण असेल तर घरचं बियाणं बिनधास्त ठेवा, फक्त पेरणीआधी गोणपाटात शंभर दाणे घालून उगवण मोजा. तुरीचं बियाणं ठेवायचं तर रानाच्या मधला तुकडा निवडा, शेजारच्या दुसऱ्या तुरीपासून शंभर मीटर तरी लांब. फुलोरा सुरू होताच त्या तुकड्यात एकदा फिरा आणि वेगळ्या उंचीचं, वेगळ्या फुलाचं झाड दिसलं की त्याच दिवशी उपटा. शेंगा धरेपर्यंत थांबलात तर त्याचा पराग मधमाशांनी तोवर सगळीकडे पोहोचवलेला असतो. वडिलांची तूर बरीच वर्षं बदललेली नसेल, तर येत्या मृगाला बदनापूरहून पायाभूत बियाण्याची एक पिशवी आणा आणि पुन्हा तिथून सुरुवात करा.